बाइंडरचं एकेचाळीस नंबरचं आमिष

मासा मूर्ख असतो असं कोणी म्हटलं की बाइंडरचं डोकं फिरायचं. "मूर्ख? अहो, तुमच्या-माझ्यापेक्षा चोखंदळ आहे तो! आधी वास घेणार, मग चाटून बघणार, मग तोंडात धरून परत थुंकून टाकणार. आमची ही भाजी घेते ना, अगदी तस्सं!" बायको आसपास असली की हे शेवटचं वाक्य तो गिळून टाकायचा. बाकी भाषण तेच.

गल्लीच्या टोकाला त्याचं एका खोलीचं दुकान होतं. पुस्तकं बांधायचं. एका भिंतीला पुठ्ठे, दुसऱ्या भिंतीला फाटकी पुस्तकं, मध्ये पुस्तकं दाबायचा शिकंजा, आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हवर खळीचं पातेलं. आठवड्याचे सहा दिवस तो सुई, दाभण आणि खळ यांच्यात मान मोडून काम करायचा. सातव्या दिवशी मात्र दुकानाला कुलूप, आणि स्वारी काठी खांद्यावर टाकून तळ्यावर.

तळं म्हणजे काही फार मोठं नव्हे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, एका अंगाला बाग, आणि पाण्यात बोटाएवढे मासे. तिथला नियम एकच: मासा धरायचा, बादलीत ठेवायचा, दुपारी मोजायचा आणि जिवंत पाण्यात सोडायचा. खाण्यासारखे मासे नव्हतेच ते. हा खेळ होता, आणि या खेळात चाळीस वर्षं बाइंडरचा हात धरणारा कोणी जन्माला आला नव्हता. हे मी नाही म्हणत, बाइंडरच म्हणायचा. पण खोटं म्हणत नव्हता, हेही सांगायला हवं.

त्याचं सगळं कसब आमिषात होतं. विकतच्या पाकिटाला त्याने जन्मात हात लावला नाही. घरात जे सापडेल ते तो गळाला लावून बघायचा. कपडे धुण्याचा जुना, बिनवासाचा साबण. लाल लोकरीचा धागा, तोही बायकोच्या विणायला घेतलेल्या स्वेटरातून उसवलेला, आणि त्यावरून घरात जे काही झालं ते झालं. अंड्याचा पिवळा बलक, शिळ्या पावाच्या गरात मळलेला. मांजराचं बिस्किट. मक्याचा दाणा, उकडून साखरेत घोळवलेला. जेलीच्या गोळ्या, आणि त्यातही लाल चालायची, हिरवी नाही. का ते माशांना विचारा. प्रत्येक प्रयोगाला नंबर, आणि प्रत्येक नंबर एका जाड वहीत, तारखेनिशी.

एकेचाळीस नंबर हा त्यातला शिरोमणी. मैद्याची घट्ट शिजवलेली खळ, त्यात चीजची वाळलेली कड किसून, दोन लसूणपाकळ्या आणि चिमूटभर बडीशेप. गोळी पाण्यात विरघळत नाही आणि वास मात्र सोडत राहते. वर त्याच खळीचं पातळ पाणी बादलीभर पायरीजवळ ओतायचं, म्हणजे मासे आधी गोळा होतात. "बाकीचे लोक मासे शोधत फिरतात," बाइंडर सांगायचा, "माझ्याकडे ते रांगेत उभे राहतात."

चार महिन्यांपूर्वी एवढंच झालं की एकेचाळीस नंबरपायी बायकोचं दुधाचं पातेलं करपलं. तिने पातेलं त्याच्यासमोर आदळलं. "आता बास! तुमचे मासे आणि तुमची खळ, दुकानात शिजवा. माझ्या ओट्यावर पुन्हा दिसलात तर बघा!" तेव्हापासून आमिष दुकानातल्या स्टोव्हवर शिजायला लागलं. बाइंडरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच झालं, रोज कानाशी कटकट नको.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तळ्यात मासे मरायला लागले.

आधी पाच-सहा, मग ओंजळभर. सोमवारी सकाळी पायरीच्या कडेला पोटं वर करून तरंगताना दिसायचे. तळ्याचा रखवालदार ते जाळीने काढायचा आणि येईल त्याला दाखवायचा. रविवारी येणाऱ्या मंडळींची तोंडं उतरली. बाइंडरला तर जेवण गोड लागेना. त्याच्या बादलीतला मासा चाळीस वर्षांत कधी मेला नव्हता. या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान!

मग त्याला दोषी सापडला. डेंटिस्ट.

हा डेंटिस्ट दोन वर्षांपासून यायला लागला होता. चकचकीत काठी, घडीची खुर्ची, आणि आमिष रंगीत पाकिटातलं, दुकानातून आणलेलं. गुलाबी काय, पिवळं काय, एक तर चक्क चमकायचं. बाइंडरच्या डोळ्यांत ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

एका रविवारी रखवालदाराने मेलेल्या माशांनी अर्धं भरलेलं घमेलं सगळ्यांसमोर आणून ठेवलं, आणि बाइंडर उसळला.

"हे बघा, हे! पाकिटातला रंग खाऊन मेलेत हे! डॉक्टर, लोकांचे दात काढता तेवढे पुरे नाहीत का?"

"अहो बाइंडर, उगाच काहीतरी काय बोलता?" डेंटिस्ट म्हणाला. माणूस खरं तर मवाळ होता. "पाकिटावर लिहिलंय, माशांना अपाय नाही."

"लिहिलंय! छापलेल्या कागदाचं मला नका सांगू, जन्म गेला माझा त्यात!"

शिंपीणबाई, म्हणजे बाजारातल्या शिवणकामाच्या दुकानवाल्या, त्याही दर रविवारी गळ टाकायला यायच्या. त्या मध्ये पडल्या. "भांडताय कशाला? पाणी तपासून घ्या की. बाइंडर, तुमची लेकच त्या खात्यात आहे ना?"

झालं! लेकीचं नाव निघालं आणि बाइंडरची छाती दोन इंच फुगली. त्याची एकुलती एक लेक पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अधिकारी होती. तिच्या सहीशिवाय गावातल्या नळाला पाणी सुटत नाही, असं तो सांगायचा. हे जरा जास्तच होतं. पण तिची सही मोठी होती, यात शंका नाही.

"येईल ना! माझी लेक येईल आणि दूध का दूध करून दाखवेल!" बाइंडर पायरीवर उभा राहिला. "आणि सगळ्यांसमोर सांगतो. ज्याच्या आमिषाने हे मासे मेले असतील, त्याने या तळ्यात पुन्हा आयुष्यात गळ टाकायचा नाही. आहे कबूल?"

"कबूल," डेंटिस्ट म्हणाला. करतो काय बिचारा! सगळे त्याच्याकडेच बघत होते.

पुढच्या रविवारी लेक आली. गळ्यात ओळखपत्र, हातात बाटल्यांची पेटी. वडिलांकडे बघून हसलीसुद्धा नाही. कामावर असताना ती अशीच असायची, आणि बाइंडरला तेच फार आवडायचं. त्याने शिंपीणबाईंना कोपराने ढोसलं. "बघा, बापालाही ओळख देत नाही!"

तिने चार कोपऱ्यांतलं पाणी घेतलं. मेलेले मासे बर्फात ठेवले. डेंटिस्टच्या प्रत्येक पाकिटातलं चिमूटभर काढून बाटल्यांत भरलं. मग बाइंडरसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचंही द्या."

"माझं? अगं, सगळं पाण्यात गेलं. बघ, डबा पुसून ठेवलाय." खरंच संपलं होतं. "आणि घरच्या पिठाचं काय तपासायचंय?"

"सगळ्यांचंच तपासायचं असतं. पुढच्या रविवारी परत येते. त्या दिवशी सगळ्यांनी थोडं थोडं राखून ठेवा." एवढं म्हणून ती पेटी उचलून निघून गेली.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी जेवायला आली. बाइंडरला कुठला दम निघतोय! पहिला घास पोटात जायच्या आधीच त्याने विचारलं, "काय गं, सापडला का गुलाबी रंग?"

"नाही. डॉक्टरांची पाकिटं स्वच्छ आहेत."

"काय सांगतेस!"

"माशांच्या पोटात तांबं सापडलं, बाबा. बारीक मासा त्याने फार लवकर मरतो." ती ताटाकडे बघत बोलत होती. "कुठून आलं ते रविवारी कळेल."

"तांबं?" बायको म्हणाली. "तळ्यात तांबं कुठून यायचं, भांडी घासतं का कोणी तिथे?"

 तांबं म्हटल्यावर बाइंडरला कुठेतरी काहीतरी टोचलं, पण नेमकं काय ते त्याच्या हाती लागेना. पुस्तकाचं पान सुटावं आणि कुठलं ते कळू नये, तसं झालं.

शनिवारी दुपारी त्याने रविवारचं एकेचाळीस नंबर शिजवायला घेतलं. मैदा गार पाण्यात कालवला, स्टोव्ह पेटवला, पळीने ढवळायला लागला. खळ दाटत आली, बुडबुडा फुटला. आणि मग त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

हात स्वतःहून फळीकडे गेला होता. फळीवरची काचेची बरणी त्याने एका अंगठ्याने उघडली होती, आणि दोन बोटांत निळे खडे धरले होते. चिमूटभर. पातेल्यावर आणून हात थांबला, तो बाइंडरने पाहिलं म्हणून. नाहीतर ती चिमूट पडलीच असती.

मोरचूद.

पुस्तक बांधायच्या खळीत मोरचूद घालावाच लागतो. नाही घातला तर वर्षभरात किडे पुठ्ठ्यासकट पुस्तक फस्त करतात. विष असतं ते, त्यासाठीच तर घालायचं. धंदा शिकायला लागला त्या पहिल्याच दिवशी उस्तादाने सांगितलं होतं: खळ दाटली, बुडबुडा आला, की चिमूट टाक. तेव्हापासून हजारो पातेली खळ शिजवली. डोक्याला विचारायची गरजच हाताला उरली नव्हती. घरच्या ओट्यावर मोरचुदाची बरणी नव्हती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. दुकानात आला आणि हाताला बरणी सापडली. तांब्याचंच तर मीठ ते!

बाइंडर मटकन स्टुलावर बसला. चार महिने, दर रविवारी, बादलीभर. दोन महिने पाण्यात साचत गेलं, आणि मग मासे मरायला लागले. वर पायरीवर उभा राहून डेंटिस्टच्या नावाने बोंब मारली ती वेगळीच. मासे गळाला कमी लागायला लागले होते, तेही आता ध्यानात आलं. त्याचं खापरही त्याने चमकणाऱ्या पाकिटावरच फोडलं होतं. "मासा मूर्ख नसतो," तो पातेल्याला म्हणाला. "मूर्ख कोण ते कळलं."

कोपऱ्यात न घासता पडलेल्या गेल्या आठवड्याच्या पातेल्याच्या कडेला खळीची एक पापडी वाळून चिकटली होती. ती त्याने उजेडात धरली. निळसर झाक होती, पण इतकी फिकी, की माहीत असलेल्यालाच दिसावी. ती त्याने खरवडून एका छोट्या डब्यात ठेवली. मग स्टोव्हवरची खळ पुरी शिजवली, मोरचुदाशिवाय. डावा हात त्याने खिशात कोंबून ठेवला होता.

आता गंमत बघा. मनुष्य एवढा ताठ, पण रात्रभर नाही म्हटलं तरी मन वळवळलंच. स्वच्छ आमिषाचा डबा लेकीच्या हातात ठेवायचा, की संपलं! तांबं सापडणार नाही. उद्यापासून मासे मरणार नाहीत. कोणाचं काय वाईट होणार? चाळीस वर्षांची इज्जत राहील. तळं राहील. रविवार राहील. तळ्याशिवाय रविवारी करायचं काय, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

सकाळी पिशवी भरताना बायकोने पाहिलं. "आज दोन डबे?"

"हो."

"एरवी एकच पुरायचा की."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग सगळं सांगून टाकलं. पातेलं करपलं तिथपासून. ती ऐकत होती, मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे त्या घरात फार क्वचित घडायचं.

"मग कुठला डबा देणार तिला?" तिने शेवटी विचारलं.

"तेच कळत नाही."

"कळत नाही कसं? चांगला डबा दिलात तर ती लिहिणार की कारण सापडलं नाही. खाली सही करणार. तुमच्या खोट्यावर तिची सही. चालेल?"

त्या सहीवर तर बाइंडर गावभर नाचत होता! तो पायात चपला घालायला लागला.

तळ्यावर सगळे जमले होते. डेंटिस्ट आज काठी न घेताच आला होता, एका बाजूला उभा होता. लेक एकेकाकडून आमिष घेऊन बाटलीत भरत होती, चिठ्ठी लावत होती. शिंपीणबाईंचा पाव झाला. रखवालदाराच्या पोळीचे तुकडे झाले. मग ती वडिलांसमोर आली.

बाइंडरने पिशवीत हात घातला. छोटा डबा बाहेर काढला.

"हे घे. गेल्या आठवड्याच्या पातेल्यातलं आहे. यात मोरचूद आहे." आवाज बारीक निघाला म्हणून त्याने घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "ऐका हो सगळे! मासे माझ्या खळीने मेले. चार महिने मीच विष ओततोय इथे. मुद्दाम नाही, हाताच्या सवयीने. पण माशाला काय त्याचं! डॉक्टर, तुमची माफी मागतो. तोंड दाखवायला जागा नाही मला."

 लेकीने डबा घेतला. चिठ्ठी तिने सरळ लावली. मग पेटीतून एक कागद काढून वडिलांच्या हातात दिला.

"हे काय?"

"वाचा."

चष्मा चढवून बाइंडरने वाचलं. शुक्रवारची तारीख होती. माशांच्या पोटात तांबं आणि शिजवलेली खळ, दोन्ही सापडलं, असं लिहिलं होतं. मग: 'तळ्यावर अशी खळ आणणारी व्यक्ती एकच आहे. पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद वापरतात. सदर व्यक्ती माझे वडील आहेत. त्यांचा नमुना घेणे बाकी आहे. नात्यामुळे फेरतपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याने करावी.' खाली सही. मोठी, ठसठशीत.

"शुक्रवारीच?" बाइंडर म्हणाला. "म्हणजे मी चांगला डबा दिला असता तरी..."

"तरी दुकानात येऊन पातेलं खरवडलं असतं." तिने मान वर केली. डोळे भरले होते. "गुरुवारी जेवताना घास उतरत नव्हता, बाबा. आज तुम्ही कुठला डबा काढता याचीच धास्ती होती मला. पण तुम्ही हाच काढलात."

बाइंडरने कागद पुन्हा वाचला. सदर व्यक्ती माझे वडील आहेत. काय खणखणीत वाक्य! ना आडवळण, ना दयामाया.  शरमेने मान खाली जायला हवी होती, ती जाईचना.

"डॉक्टर! शिंपीणबाई! इकडे या, हे वाचा!" तो ओरडला. "बापाचं नाव शुक्रवारीच लिहून मोकळी झाली! सख्ख्या बापाचं! आहे का तुमच्या ओळखीत असा अधिकारी?"

"बाबा, हळू," लेक म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत की!"

डेंटिस्टने कागद वाचला, परत दिला. "बाइंडर, झालं गेलं जाऊ द्या. ती पैज वगैरे काही नाही. पुढच्या रविवारी या, मला ते एकेचाळीस नंबर शिकवा."

"शिकवीन. माझ्या घरच्या ओट्यावर, बायकोने येऊ दिलं तर." बाइंडरने काठीचे तीन तुकडे सोडवून पिशवीत घातले आणि स्वच्छ आमिषाचा डबा डेंटिस्टच्या हातात ठेवला. "पण इथे गळ नाही टाकणार. शब्द दिला होता, आणि या पोरीचा बाप आहे मी. एवढं तरी शोभायला हवं."

डेंटिस्ट काहीतरी बोलणार होता. शिंपीणबाईंनी त्याला खुणेनेच गप्प केलं.

लेकीने बाकीचे कागद पेटीतून काढून त्यात तो एक घातला. पाण्याचे आकडे, माशांचे आकडे, नकाशा, दहा-बारा पानं होती. वाऱ्याने फडफडायला लागली तशी बाइंडरची नजर कोपऱ्यावर गेली.

"हे काय? नुसती पिन मारलीयस?"

"ऑफिसात पिनच मारतात, बाबा."

"कुठल्याही रिपोर्टला मारू देत. याला नाही." त्याने हात पुढे केला. "दे इकडे. उद्या संध्याकाळपर्यंत बांधून देतो. चांगला लाल पुठ्ठा घालतो, वर सोनेरी अक्षरं. तुझं नाव मोठं काढतो."

"आणि तुमचं?"

"माझं आतल्या पानावर आहेच की," बाइंडर म्हणाला, "तू लिहिलंयस तसंच राहू दे."